लिक्विड कूलिंगवाला पीसी टेम्पोत चढवण्याआधी

नमस्कार. घर बदलायची तारीख ठरली की मला पहिला प्रश्न येतो तो हाच: वाटेत पीसी थंड ठेवणारं पाणी गळलं तर? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. मशीन बंद आहे, वायर काढलेली आहे, अशा वेळी मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर, थोडं पाणी पडलं तर बोर्ड बहुतेकदा वाचतो. पुसून घ्यायचा आणि दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवायचा. बोर्ड जातो तो ओला असताना बटण दाबल्यामुळे. खंबाटकी घाटातल्या वळणांची धास्ती सगळ्यांना असते. मला धास्ती असते ती नव्या घरात सामान उतरल्यावर कुणीतरी "चला, एकदा लावून बघू" म्हणतं त्या क्षणाची.

पाण्यानं संगणक थंड ठेवणं जुनंच आहे. आयबीएमचे मोठे मेनफ्रेम संगणक साठच्या दशकात पाण्यावर थंड व्हायचे. आपल्या पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, तोही द्रवानं थंड होतो. पण ही यंत्रं एकदा बसवली की जागची हलत नाहीत. आपला भाडेकरार अकरा महिन्यांचा!

आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. बहुतेकांकडे एआयओ (ऑल-इन-वन) कूलर असतो: कारखान्यातच सील केलेला. सीपीयूवर पंपाचा ठोकळा, दोन रबरी नळ्या आणि २४० किंवा ३६० मिलिमीटरचा, उष्णता बाहेर सोडणारा रेडिएटर. आत पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारं रसायन, सगळं मिळून पेलाभर. हा रिकामा करायचा नसतो, उघडायचाही नसतो. तो दुकानात आला तोच ट्रकमधून आला होता. नळ्या ठोकळ्यापाशी मुडपल्या जात नाहीत ना आणि रेडिएटरचे स्क्रू घट्ट आहेत ना, एवढं बघा.

खरं तर प्रवासासाठी एआयओ हा सीपीयूवर बसणाऱ्या, नुसत्या हवेनं थंड करणाऱ्या मोठ्या एअर कूलरपेक्षा चांगला, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. दोन टॉवरचा एअर कूलर किलोभर वजनाचा असतो आणि ते सगळं वजन मदरबोर्डवर लटकतं. एआयओचं वजन रेडिएटरमध्ये, आणि रेडिएटर कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेला. बोर्डावर फक्त छोटा पंप.

वाटेत जे मोडतं ते वजनानं मोडतं, आणि त्यात पहिला नंबर ग्राफिक्स कार्डाचा. आजची वरच्या किमतीची कार्डं दोन किलोच्या पुढे गेली आहेत. कॅबिनेट उभं असताना असं कार्ड एका टोकाला खिळलेल्या फळीसारखं आडवं लोंबतं. प्रत्येक गतिरोधकाला त्या फळीचं मोकळं टोक खाली-वर होतं आणि सगळा ताण बोर्डावरच्या स्लॉटवर, म्हणजे कार्डाच्या खाचेवर, आणि कार्डाच्या तिथल्या कोपऱ्यावर येतो. स्लॉट उखडतो, किंवा कार्डाच्या पाटीला केसाएवढी चीर जाते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि दुरुस्त करून देणारेही थोडे. म्हणून कार्ड काढा. मागचे स्क्रू सोडवा, स्लॉटची खिट्टी दाबा, कार्ड सरळ वर घ्या, अँटिस्टॅटिक (स्थिर वीज रोखणाऱ्या) पिशवीत घालून मूळ खोक्यात ठेवा. ते खोकं स्वतःच्या हातात. टेम्पोत नाही.

नव्या घरी कार्ड परत बसवताना एक गोष्ट. नव्या पद्धतीचा सोळा पिनांचा पॉवर कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेलाय ना, हे टॉर्च लावून बघा. २०२२ साली हा कनेक्टर वितळल्याची बरीच प्रकरणं गाजली, आणि त्यांतल्या अनेकांत तो अर्धवट बसलेला होता.

आता दुसरी जात: कस्टम लूप. स्वतः जोडलेला, वेगळा पंप, रिझर्वॉयर म्हणजे पाण्याची टाकी, सीपीयूवर ब्लॉक म्हणजे पाणी खेळवणारा धातूचा ठोकळा, कार्डावरही ब्लॉक. इथे माझं मत ठाम आहे. गल्लीतल्या गल्लीत हलवायचं असेल आणि मशीन मांडीवर घेऊन बसणार असाल तर भरलेलं न्या. शहर बदलत असाल तर रिकामं करा. कुणी म्हणतं, मी भरलेलं नेलं, काही झालं नाही. नसेल झालं. पण भरलेल्या लूपमध्ये कार्ड नळ्यांनी जखडलेलं असतं, ते काढताच येत नाही. म्हणजे वरचा सगळा वजनाचा प्रश्न तसाच उभा, कारण तांब्याचा ब्लॉक लावलेलं कार्डही जडच असतं.

कडक नळ्या असतील तर उन्हाचाही विचार करा. पीईटीजी प्लॅस्टिकची नळी साधारण साठ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते. एप्रिल-मे महिन्यात बंद बॉडीचा टेम्पो ढाब्यावर दोन तास उन्हात उभा राहिला तर आत काय होत असेल, विचार करा. मऊ पडलेली नळी फिटिंगमधून किंचित सरकते, आणि ते दिसतं थेट नव्या घरी पाणी भरल्यावर. ॲक्रिलिक जास्त तापमान सोसतं, पण ते धक्क्यानं तडकतं. कडक नळ्या काढा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून कुठून कुठे जाते ते लिहा. हा कंटाळा करू नका.

रिकामं करायची रीत सोपी आहे. मशीन बंद, भिंतीतली वायर काढलेली. सगळ्यांत खालच्या ड्रेन पोर्टला, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाला, नळी लावून बादलीत सोडा, मग रिझर्वॉयरचं वरचं बूच उघडा. वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी निघत नाही. धार थांबली की कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना कलवा. रेडिएटरमध्ये बरंच पाणी लपून बसलेलं असतं. शेवटी तोंडानं किंवा हातपंपानं हलकी हवा मारा. पंप चालवून पाणी बाहेर काढायचा मोह होतो, तो आवरा. डी-फाइव्हसारख्या पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणजे तेच पाणी. कोरडा फिरला की झिजतो. थोडा ओलावा आत राहणारच, म्हणून सगळी तोंडं बुचांनी बंद करा. जुनं कूलंट पुन्हा वापरू नका. नव्या घरी डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक, किंवा तयार कूलंट. फिल्टरचं पाणी चालेल का, असं विचारतात. नाही.

काचेची बाजू काढून वेगळी न्या. टफन काच सपाट पृष्ठभागावर बरंच सोसते, पण तिची कड फरशीवर टेकली की क्षणात चुरा. दोन गोधड्यांच्या मध्ये, गादीच्या बाजूला, उभी.

कॅबिनेट कसं ठेवायचं? कार्ड काही कारणानं आतच राहिलं असेल तर कॅबिनेट आडवं, मदरबोर्डची बाजू खाली करून. मग कार्ड उभं राहतं आणि वजन सरळ स्लॉटमध्ये उतरतं. कार्ड काढलेलं असेल तर उभंही चालेल. मूळ खोकं आणि थर्माकोल असेल तर त्याहून चांगलं काही नाही. स्वतःची गाडी असेल तर मागच्या सीटवर, बेल्ट लावून. आत बबल रॅप भरणार असाल तर गुलाबी, अँटिस्टॅटिक मिळतो तो. आणि नव्या घरी तो काढलाय की नाही हे मोजून बघा. पंख्यात अडकलेला बबल रॅप हा दरवर्षीचा किस्सा आहे.

पॅकर्स-मूव्हर्सकडे देणारच असाल तर विम्याचा कागद वाचा. बाहेरून खोकं फाटलेलं नाही, पण मशीन सुरू होत नाही, अशा नुकसानाला बऱ्याच पॉलिसींत भरपाई नसते. सिरियल नंबरांचे फोटो काढून ठेवा. डेटाचा बॅकअप आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की तुमच्याजवळ, त्या मशीनमध्ये नव्हे.

आता नवं घर. पोचल्या पोचल्या काही लावायचं नाही. पावसाळ्यात एसी गाडीतून दमट खोलीत आणलेल्या थंड धातूवर दव धरतं, तेव्हा तीन-चार तास तसंच राहू द्या. तोवर ज्या सॉकेटला लावणार त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकं असतात, तिसऱ्याच्या मागे काहीच नसतं.

कस्टम लूप भरताना मदरबोर्डाचा चोवीस पिनांचा, सीपीयूचा आणि कार्डाचा, तिन्ही कनेक्टर काढून ठेवा. एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, मदरबोर्डाशिवाय सुरू करणारा जंपर प्लग लावा, म्हणजे फक्त पंपाला वीज जाईल. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरा. रिझर्वॉयर भरा, पंप काही सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद करा, परत भरा. हवा निघाली की रात्रभर चालू राहू द्या. सकाळी टिश्यू कोरडे असतील तर बाकीच्या वायर जोडा. थांबवत नसेल तर हवेच्या दाबानं तपासायचं छोटं यंत्र मिळतं, पाणी भरण्याआधीच गळती कळते.

एआयओवाल्यांना पहिल्या दिवशी गुळगुळ आवाज येईल. आतली हवा हलली आहे, बाकी काही नाही. कॅबिनेट थोडं कलवलं की ती रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाते. मात्र पंप हा सगळ्यांत उंच जागी नको, नाहीतर हवा तिथेच साठते. आवाज दोन दिवसांत गेला नाही, किंवा सीपीयूचं तापमान नुसत्या डेस्कटॉपवर चढत राहिलं, तर मशीन बंद करून पंपाला वीज मिळते का ते बघा.

मागून एक प्रश्न आलाय: मुलगा जर्मनीला चाललाय, त्याचं मशीन कसं न्यावं? अख्खं नेऊ नये. कॅबिनेट आणि एआयओ इथेच विका. त्यांच्या वजनाला तिकिटातले किलो घालवू नका. ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी केबिन बॅगेत. मदरबोर्ड त्याच्या खोक्यात. एसएमपीएस बहुतेक सगळे तिकडच्या व्होल्टेजला चालतात, वायर फक्त तिकडच्या प्लगची घ्यावी लागते. एआयओ काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा आणि ठोकळा हलकेच पिळून उचला. एएमडीच्या जुन्या एएम-फोर सॉकेटमधून सीपीयू उष्णता वाहणाऱ्या पेस्टला चिकटून ठोकळ्यासकट वर येतो आणि पिना वाकतात. त्यानंतर सीपीयू सॉकेटमध्येच राहू द्या. नव्या सॉकेटांत पिना बोर्डावर असतात, त्यांचं झाकण तोच. काढायचाच असेल तर मदरबोर्डसोबत आलेलं प्लॅस्टिकचं झाकण लागेल, आणि ते बहुतेकांनी खोक्यासकट रद्दीत दिलेलं असतं.