दात, ओठ आणि बारा फूट पितळ

नमस्कार मंडळी. आजची गोष्ट एका पळून गेलेल्या पोरापासून सुरू करतो.

यान व्हात्स्लाव श्टिख त्याचं नाव, जन्म १७४६ चा, गाव झेहुशित्से, बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक रिपब्लिकमधलं. घरदार काउंट थुन नावाच्या सरंजामदाराच्या पदरी, आणि पदरी म्हणजे आजच्यासारखी नोकरी नव्हे, त्या काळी तिकडे जमिनीबरोबर जमिनीवरची माणसंही मालकाचीच असायची. पोराला संगीताचं अंग आहे हे काउंटने हेरलं आणि स्वतःच्या खर्चानं त्याला हॉर्न शिकायला प्राग, म्युनिक, ड्रेस्डेन असं फिरवून आणलं. पोरगं तयार होऊन परत आलं, काही वर्षं काउंटच्या वाड्यावर वाजवलं, पण जगातले उत्तम उस्ताद बघून आलेल्या माणसाला पुन्हा गडी म्हणून राहणं कसं जमणार, विसाव्या वर्षी चार मित्रांना घेऊन तो रातोरात पसार झाला. काउंटने मागे शिपाई सोडले आणि त्यांना हुकूम काय दिला तर पकडून आणा, आणि आणता नाही आला तर निदान त्याचे पुढचे दात पाडून या.

दात का, ते सांगतो. हॉर्न म्हणजे ज्याला आपण फ्रेंच हॉर्न म्हणतो तो, गोल गुंडाळलेली पितळी नळी, उलगडून सरळ केली तर साधारण १२ फूट भरेल, एका टोकाला चिमुकलं माउथपीस आणि दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखं मोठं तोंड. पण स्वराची सुरुवात होते वाजवणाऱ्याच्या ओठात, ओठ थरथरतात आणि ती थरथर नळीतून मोठी होऊन बाहेर पडते. त्या ओठांना मागून आधार असतो पुढच्या दातांचा. दात गेले की ओठ गेले, ओठ गेले की हॉर्न गेला. काउंटला हे पक्कं ठाऊक होतं.

आपली तुतारी आठवा. तिला भोकं नाहीत, किल्ल्या नाहीत, ओठ आवळून आणि सैल सोडून जे काय मोजके स्वर निघतील तेवढेच. श्टिखच्या काळातला हॉर्न अगदी तसाच, फक्त नळी खूप लांब, त्यामुळे वरच्या पट्टीत स्वर एकमेकांना खेटून उभे असतात, ओठ केसभर इकडेतिकडे झाला की शेजारचा स्वर लागतो नाहीतर आवाज मधेच फाटतो, आणि ऑर्केस्ट्रात बाकी कुणाची चूक झाली तर झाकली जाईल पण हॉर्नवाल्याची चूक शेवटच्या रांगेपर्यंत जाते. ड्रेस्डेनला श्टिखचे गुरू होते आंटोन हाम्पेल, त्यांच्या नावावर एक मोठी गोष्ट आहे, उजवा हात हॉर्नच्या कर्ण्यात घालून तो कमी-जास्त बंद केला की मधले न निघणारे स्वरही काढता येतात, ही हातचलाखी त्यांनी नीट बसवली आणि शिकवली. हाताने दाबलेला स्वर जरा घुसमटल्यासारखा येतो, मोकळा स्वर खणखणीत येतो, आणि दोन्ही एकाच सुरावटीत एकसारखे वाटायला लावणं ही खरी तालीम.

तर शिपायांना श्टिख काही सापडला नाही. त्याने इटलीत जाऊन नावच बदललं, जर्मनमध्ये श्टिख म्हणजे टोचा किंवा टाका, त्याचं इटालियन करून घेतलं पुंतो. जोवान्नी पुंतो. आणि दात शाबूत ठेवून हा माणूस अख्ख्या युरोपात गाजला. १७७८ साली पॅरिसमध्ये त्याच्यासाठी चांदीचा हॉर्न घडवला गेला, त्याच वर्षी तिथे संगीतकार मोत्सार्टने त्याला ऐकलं आणि घरी लिहिलेल्या पत्रात तोंड भरून कौतुक केलं. १८०० साली तो व्हिएन्नाला आला तेव्हा तिथल्या एका तरुण पियानोवादकाने त्याच्यासाठी सोनाटा, म्हणजे हॉर्न आणि पियानोची रचना, लिहिला, म्हणतात की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लिहायला बसला, आणि १८ एप्रिलला दोघांनी मिळून वाजवला. लोकांना इतका आवडला की थिएटरात वन्स मोअरला बंदी असूनही पुन्हा वाजवावा लागला. पुढच्या महिन्यात दोघं हंगेरीत पेस्टला गेले तर तिथल्या वृत्तांतात छापून आलं की हा बेथोव्हेन कोण, हे नाव आम्ही ऐकलेलं नाही, पुंतो मात्र सर्वांना माहीत आहे. मला ही ओळ फार आवडते. १८०३ मध्ये प्रागला पुंतो गेला तेव्हा अंत्ययात्रेला हजारो माणसं होती आणि मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, वाजवलं गेलं. ज्याला एका काउंटने गुरासारखं पकडून आणायला माणसं धाडली होती त्याच माणसासाठी.

हे सगळं वाचायच्या आधी मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या एका कार्यक्रमात मला बाजूची खुर्ची मिळाली होती, तिथून हॉर्नवाले अगदी नीट दिसत होते. वाजवायचं नसलं की ते हॉर्न मांडीवर घेऊन हळूहळू गोल फिरवायचे, एखादी छोटी नळी खेचून काढायचे आणि आतलं पाणी खाली झटकायचे, श्वासातली वाफ गार होऊन नळीत साठते ना, तेच पाणी. मग आपली जागा यायच्या जरा आधी ओठांवरून जीभ फिरवायची, हॉर्न उचलायचा, उजवा हात कर्ण्यात, आणि छाती भरून श्वास. तो श्वास मला ऐकू आला. तेव्हापासून कुठलाही हॉर्न ऐकताना स्वराच्या आधीच्या त्या क्षणाकडेच माझं लक्ष जातं, तिथे काळजात धस्स होतं आणि स्वर नीट लागला की हायसं वाटतं.

आता दुसरा माणूस, योसेफ लॉइटगेब, माझा सगळ्यात लाडका. १७३२ चा जन्म व्हिएन्नाचा, म्हणजे मोत्सार्टपेक्षा २४ वर्षांनी मोठा. साल्झबुर्गच्या दरबारात मोत्सार्टच्या वडिलांबरोबर नोकरीला, म्हणजे छोट्या वोल्फगांगला हा काकांसारखा. पॅरिसला वाजवून आला तेव्हा तिथल्यांनी लिहिलं होतं की संथ गत हा माणूस हॉर्नवर गाऊन दाखवतो. मोत्सार्टने हॉर्नसाठी जे चार कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वादक आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशा रचना, लिहिल्या त्या सगळ्या ह्या लॉइटगेबच्या ओठांसाठी, आणि त्यांच्या हस्तलिखितांत त्याची काय थट्टा चालवलीय! एकावर लिहिलंय की २७ मे १७८३ रोजी व्हिएन्नात मोत्सार्टला लॉइटगेब नावाच्या गाढवाची, बैलाची आणि मूर्खाची दया आली. दुसरा कॉन्चेर्टो तांबड्या, हिरव्या, निळ्या, काळ्या शाईत लिहिलाय, लोक इतकी वर्षं म्हणायचे हीसुद्धा लॉइटगेबला गोंधळात टाकायची मस्करी, हल्ली काही जाणकार म्हणतात की जोरात-हळू वाजवायच्या खुणा असाव्यात रंगांत.

थट्टा सोडा, मला भिडतो तो शेवटचा कॉन्चेर्टो. १७९१ साल, लॉइटगेब साठीला टेकलेला. मोत्सार्ट त्या वर्षी त्याच्यासाठी डी मेजर ह्या स्वरपट्टीत पुन्हा लिहायला घेतो आणि ह्या वेळी फार उंच स्वर टाळतो, फार खालचेही टाळतो, मधल्या आरामाच्या पट्टीतच सगळी सुरावट खेळवतो. वय झालेल्या ओठांना, थकलेल्या दमाला झेपेल असं. आणि तरी समासात इटालियनमध्ये टोमणे आहेतच, चला गाढवसाहेब, अरे संपलं का एकदाचं, देवा तुझे उपकार, बास बास. हात मित्रासाठी स्वर सोपे करतोय आणि तोंड चेष्टा करतंय, असं आपल्या घराघरांत काका-पुतण्यांत चालतं तसंच. तो कॉन्चेर्टो पुरा झालाच नाही, ५ डिसेंबरला मोत्सार्ट गेला, ३५ वर्षांचा. शेवटचा भाग पुढे त्याचा शिष्य झ्यूसमायर याने पुरा केला. लॉइटगेब त्यानंतर जवळजवळ २० वर्षं जगला, १८११ ला गेला.

पुढे १८१४ ते १८१८ च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्ह आले, म्हणजे बोटाने कळ दाबली की नळीची लांबी बदलते आणि सगळे स्वर मोकळे मिळतात. कळा डाव्या हाताला बसवल्या कारण उजवा आधीपासून कर्ण्यात गुंतलेला, आजही तसंच आहे. संगीतकार ब्राम्सला मात्र जुना बिनकळीचाच हॉर्न प्यारा, त्याचे वडील हॉर्न वाजवायचे, लहानपणी तोही शिकलेला, १८६५ मध्ये आई गेली त्या वर्षीचं त्याचं हॉर्न ट्रिओ, म्हणजे हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोची रचना, त्या जुन्या हॉर्नसाठीच आहे. त्यातला तिसरा भाग एकटं असताना ऐका.

त्याच वेळी म्युनिकच्या दरबारी ऑर्केस्ट्रात फ्रान्झ स्ट्राउस मुख्य हॉर्नवर होता. ह्याला ऑपेरे लिहिणाऱ्या वाग्नरच्या संगीताची मनापासून चीड, आणि नशीब असं की वाग्नरचे ऑपेरे म्युनिकलाच पहिल्यांदा व्हायचे, १८६५ ला ट्रिस्टान, १८६८ ला माइस्टरझिंगर, सगळ्यांत हॉर्नला भरपूर काम. तालमीत भांडणं व्हायची, पण वाजवायला बसला की एक स्वर कमअस्सल नाही. वाग्नर म्हणायचा की हा स्ट्राउस भयंकर माणूस आहे पण हॉर्न वाजवायला लागला की त्याच्यावर रागावता येत नाही. १८८३ मध्ये वाग्नर गेल्याची बातमी आली तेव्हा ऑर्केस्ट्रा उठून उभा राहिला आणि फ्रान्झ एकटा बसून राहिला. मला त्याचं ते बसणं पटत नाही, गेलेल्या माणसासाठी उभं राहावं, पण ज्याच्याशी पटत नाही त्याचंही काम जीव ओतून करायचं ही निष्ठा मोठीच. त्याच घरात त्याचा मुलगा रिखार्ड रोज बापाचा रियाज ऐकत वाढला, अठराव्या वर्षी त्याने हॉर्न कॉन्चेर्टो लिहिला आणि तो खुद्द बापालाच अवघड वाटला. दुसरा कॉन्चेर्टो रिखार्डने लिहिला १९४२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, बाप जाऊन ३७ वर्षं झाली होती.

आणि मग डेनिस ब्रेन. लंडन, १९२१. आजोबा हॉर्नवाले, काका हॉर्नवाले, वडील ऑब्री ब्रेन बीबीसी सिंफनीचे मुख्य हॉर्नवादक. वडिलांचा नियम काय, तर दात पक्के बसेपर्यंत हॉर्नची जोरदार तालीम नाही. बघा, पुन्हा दात! १९३८ मध्ये सतराव्या वर्षी बापाशेजारी दुसऱ्या हॉर्नवर बसून पहिला जाहीर कार्यक्रम. युद्धात हवाईदलाच्या बँडमध्ये, तिथे असतानाच बेंजामिन ब्रिटन ह्या संगीतकाराने त्याला हेरलं आणि १९४३ मध्ये टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष), हॉर्न आणि स्ट्रिंग्जसाठी, म्हणजे तंतुवाद्यांसाठी, सेरेनेड लिहिलं. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एकटा हॉर्न वाजतो, आणि ब्रिटनने सांगून ठेवलंय की इथे कळा वापरायच्या नाहीत, नळीतून जे निसर्गतः येतात तेच स्वर. त्यातले काही स्वर पियानोच्या मापाने बसत नाहीत, जरा चढे-उतरे लागतात, श्रुती ओळखणाऱ्या आपल्या कानांना ती जागा चटकन सापडेल.

हा माणूस गाड्यांचा वेडा, मोत्सार्टचे कॉन्चेर्टो रेकॉर्ड करताना स्टँडवर नोटेशनऐवजी मोटारींचं मासिक उघडून ठेवलं होतं असं सांगतात, कारण संगीत तर पाठच होतं. १९५६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये बागेत पाणी घालायच्या रबरी पाइपवर कॉन्चेर्टोचा भाग वाजवून दाखवला, लोक पोट धरून हसले, पण स्वर सुरेल होते. शेवटी नळी ती नळी, गाणारे ओठ.

३१ ऑगस्ट १९५७ च्या रात्री एडिनबरा फेस्टिव्हलमधला कार्यक्रम संपवून तो एकटाच गाडी चालवत लंडनला निघाला. रात्रभराचा प्रवास, घर जवळ आलेलं, १ सप्टेंबरच्या पहाटे हॅटफील्डला गाडी झाडावर आदळली. वय ३६. गाडीतल्या हॉर्नचा चेंदामेंदा झाला होता, कारागिरांनी तो ठोकून-जोडून पुन्हा उभा केला आणि आज तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या संग्रहालयात आहे. त्याच्या मागून आलेल्या अॅलन सिव्हिलला तुम्ही कदाचित नाव माहीत नसताना ऐकलंय, बीटल्सच्या एका गाण्यात मधे जो हॉर्न येतो तो त्याचा. हेलन कोटास १९४१ मध्ये शिकागो सिंफनीत मुख्य हॉर्नवर बसली, हेर्मान बाउमान पक्षाघातातून उठून पुन्हा वाजवायला लागले, आणि जर्मनीचा फेलिक्स क्लीझर, १९९१ चा जन्म, जन्मतः हात नाहीत, हॉर्न स्टँडवर ठेवून कळा डाव्या पायाच्या बोटांनी दाबतो. कर्ण्यात घालायला त्याला हातच नाही, म्हणजे जे काम इतर लोक हाताने करतात ते तो ओठांनी करतो.

वेळ होत आला. आता तुम्हाला ऐकवतो लॉइटगेबसाठीचा तो डी मेजर कॉन्चेर्टो, वाजवणारा डेनिस ब्रेन, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, कारायानचं संचालन, नोव्हेंबर १९५३ चं रेकॉर्डिंग. आधी थोडा वेळ स्ट्रिंग्ज वाजतील, मग हॉर्न येईल. रेडिओचा आवाज जरा वाढवा.