विली ओ'री आणि उजव्या डोळ्याचं गुपित

नमस्कार श्रोतेहो. आज एका आईस हॉकीवाल्याबद्दल बोलायचंय. नाव विली ओ'री. आधीच सांगून टाकतो, याचे आकडे बघायला गेलात तर म्हणाल यात काय एवढं, कारण एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाची जी सगळ्यात मोठी लीग आहे तिच्यात, हा माणूस फक्त 45 मॅच खेळला आणि गोल केले 4. या खेळातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्स्की, त्याचे 894 आहेत. तरी मी ग्रेट्स्कीला बाजूला ठेवून याला घेऊन बसलोय, कारण याची गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जातच नाही.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी पटकन दोन शब्द. पायात पात्यांचे बूट, हातात स्टिक, आणि चेंडूच्या जागी पक, म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच रुंद, वजन साधारण 170 ग्रॅम. उसळू नये म्हणून मॅचआधी ती गोठवतात. ती चकती जोरात मारली की दगडासारखी येते, आणि मी ज्या काळाबद्दल बोलतोय त्या काळात जवळजवळ कुणीच हेल्मेट घालत नसे, चेहऱ्यापुढे काच वगैरे काही नाही, गोलकीपरसुद्धा उघड्या तोंडानं उभे राहायचे.

तर विली. जन्म 1935 चा, कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावात. तेरा भावंडं, त्यातला हा शेंडेफळ. गावात काळ्या लोकांची कुटुंबं दोनच. थंडी पडली की वडील मागच्या अंगणात पाणी सोडायचे, रात्रीत त्याचा बर्फ व्हायचा, आणि त्यावर हा तीन वर्षांचा असल्यापासून घसरायला शिकला. उन्हाळ्यात बेसबॉल. 1949 मध्ये याच्या बेसबॉल टीमनं गावची स्पर्धा जिंकली, बक्षीस म्हणून पोरांना न्यूयॉर्कला नेलं, आणि तिथं ब्रुकलिनला याची गाठ पडली जॅकी रॉबिन्सनशी. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये गोऱ्यांची भिंत मोडून 1947 ला आत गेलेला काळा खेळाडू तो हाच. विली त्याला म्हणाला, मी बेसबॉल खेळतो पण मला हॉकी जास्त आवडते. रॉबिन्सनला आश्चर्य वाटलं, काळी मुलं हॉकीसुद्धा खेळतात हे त्याला माहीतच नव्हतं. ही भेट लक्षात असू द्या.

आता तो डोळा. 1955-56 चा सीझन, विली कॅनडातल्या किचनर गावच्या ज्युनियर टीमकडून खेळत होता. गोलसमोर गर्दी, कुणीतरी फटका मारला, पक स्टिकला लागून वळला आणि थेट याच्या तोंडावर. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, आणि उजवा डोळा गेला, जवळजवळ सगळी नजर गेली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की आता खेळणं विसर. आणि हा काही आठवड्यांत परत बर्फावर! आईवडिलांना सांगितलं नाही, टीमला सांगितलं नाही, बहिणीच्या कानावर घातलं तेही गुपित म्हणूनच. कारण उघड आहे, एनएचएलमध्ये एका डोळ्यानं आंधळ्या माणसाला खेळू देत नाहीत असा नियमच होता, एकदा कळलं की संपलं.

हे किती अवघड असेल ते नीट समजून घ्या, मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. विली होता डावा विंगर, डाव्या कडेनं पळणारा. त्याच्या डाव्या हाताला नुसती फळ्यांची भिंत, आणि बाकी सगळं, पक, पास देणारा सोबती, अंगावर धावून येणारा आडदांड डिफेन्समन, हे सगळं उजवीकडून. म्हणजे जी बाजू काळोखात तिथूनच सगळा खेळ यायचा. मग हा काय करायचा, तर मान पार उजव्या खांद्यावरून मागं वळवून डाव्या डोळ्यानं बघायचा, आणि हे सगळं जोरात स्केटिंग करत असताना. जे दिसत नाही त्याची काळजी सोड, जे दिसतंय त्याच्यावर खेळ, असं त्यानं स्वतःला बजावलं.

1956 ला आणखी एक वळण. बेसबॉलच्या मिलवॉकी ब्रेव्हजनं त्याला ट्रायलला बोलावलं, जॉर्जिया राज्यात. कॅनडातला मुलगा, विमानतळावर उतरतो तर स्वच्छतागृहाच्या दारांवर पाट्या, गोऱ्यांसाठी वेगळं, काळ्यांसाठी वेगळं. तिथं काही जमलं नाही, घरी पाठवलं, आणि पाच दिवसांचा बस प्रवास. दक्षिणेत बसला सगळ्यात मागच्या सीटवर कारण काळ्या माणसानं तिथंच बसायचं. बस उत्तरेकडे सरकेल तसा हाही सीट बदलत पुढं पुढं येत गेला. त्याच प्रवासात ठरवलं की बेसबॉल बास, आता फक्त हॉकी.

18 जानेवारी 1958. एनएचएलमधल्या बॉस्टन ब्रुइन्स टीमला ऐनवेळी माणूस कमी पडला, विलीला बोलावणं आलं, मॉन्ट्रियलच्या फोरम या स्टेडियममध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स टीमविरुद्ध. ब्रुइन्स 3-0 नं जिंकले आणि एनएचएलमध्ये उतरलेला पहिला काळा खेळाडू म्हणून विलीचं नाव लागलं. त्या सीझनला दोनच मॅच. मग थेट 1960-61 ला परत, 43 मॅच, आणि पहिला गोल 1 जानेवारी 1961 ला, परत मॉन्ट्रियलविरुद्धच, बॉस्टनच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळीकडे असं नव्हतं पण. शिकागोला एका गोऱ्या खेळाडूनं शिवी दिली आणि स्टिकचा दांडा तोंडात मारला, पुढचे दोन दात गेले, नाक परत मोडलं. विलीनंही स्टिक उचलून त्याला हाणली. याबद्दल त्याला बोल लावायला मी तरी तयार नाही.

सीझन संपल्यावर बॉस्टनवाल्यांनी सांगितलं, जा, सुट्टी मजेत घालव, पुढच्या वर्षी तू आहेसच. काही आठवड्यांनी कळलं की आपल्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलंय. एनएचएलमध्ये तेव्हा टीम सहाच, जागा मोजक्या, तो परत कधीच तिथं गेला नाही. पुढचा काळा खेळाडू यायला 1974 उजाडलं.

पण करिअर संपलं कुठं! विली गेला पश्चिमेला, एनएचएलबाहेरच्या एका लीगमध्ये, लॉस एंजेलिस ब्लेड्स टीमकडे. तिथं त्याला उजव्या विंगवर घातलं आणि बघा, आता भिंत उजवीकडे आणि सगळा खेळ डावीकडे, चांगल्या डोळ्यासमोर. 1964-65 ला 38 गोल केले, पुढं सॅन दिएगो गल्सकडून 1968-69 ला परत 38. माझं मत विचाराल तर 45 मॅचचा हिशोब मांडणाऱ्यांनी ही वर्षंसुद्धा मोजायला हवीत. शेवटचा सीझन 1978-79, वय 43. म्हणजे एका डोळ्यावर वीस वर्षांहून जास्त!

नंतर सॅन दिएगोजवळच्या एका हॉटेलात सिक्युरिटीचं काम केलं. 1998 ला, वय 62, एनएचएलनं त्यांना परत बोलावलं (आता वयाचा मान म्हणून अहोजाहो करतो) आणि तेव्हापासून ते गावोगाव फिरून ज्या पोरांच्या घरात कधी स्केट्स आले नाहीत अशांना बर्फावर आणत राहिले. 2018 ला हॉल ऑफ फेम, म्हणजे हॉकीतल्या मानकऱ्यांच्या यादीत नाव. आणि 18 जानेवारी 2022 ला, पहिल्या मॅचला बरोबर 64 वर्षं झाली त्या दिवशी, बॉस्टननं त्यांचा 22 नंबर कायमचा छताला टांगला, म्हणजे तो नंबर आता टीममध्ये दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. कोरोनामुळे त्यांना जाता आलं नाही, त्यांनी सॅन दिएगोहून पडद्यावर पाहिलं.

हां, ती जॅकी रॉबिन्सनची भेट राहिली. 1962 ला लॉस एंजेलिसमध्ये रॉबिन्सनच्या सन्मानाचं जेवण होतं, विली टीमबरोबर तिथं गेलेला. कोचनं ओळख करून दिली, जॅकी, हा विली ओ'री. रॉबिन्सननं वळून बघितलं आणि म्हणाला, अरे, ब्रुकलिनला मला भेटला होतास तोच ना तू? तेरा वर्षांनी.