श्वासाबरोबर हलणारी गाठ

नमस्कार श्रोतेहो.

हे ऐकता ऐकता एक हात पोटावर ठेवून बघा. हात वर येतो, खाली जातो. आत श्वासपटल सरकतंय आणि त्याच्यासोबत फुप्फुसाचा खालचा भाग, यकृत, स्वादुपिंडही. तिथे कॅन्सरची गाठ असेल, तर तीसुद्धा. फुप्फुसाच्या तळाकडची गाठ एकेका श्वासाला १ ते २ सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त हलते. वरच्या टोकाजवळची मात्र जेमतेम काही मिलिमीटर.

रेडिएशन देताना आम्ही मिलिमीटरचा हिशेब करतो. रुग्ण म्हणतात, "मी अगदी दगडासारखा पडून राहीन." राहतातही बिचारे. पण श्वास थोडाच थांबतो!

पूर्वीचा उपाय सरळ होता. गाठीभोवती भरपूर जागा धरायची, म्हणजे ती कुठेही सरकली तरी किरणांतच राहील. पण ही जागा म्हणजे निरोगी फुप्फुस. ३ सेंटिमीटरच्या गोल गाठीभोवती सगळीकडून १ सेंटिमीटर वाढवलं, तर किरणांखाली येणारं घनफळ साडेचार पटींहून जास्त होतं. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून आधी गाठीची चाल समजून घ्यायची. फोर-डी, म्हणजे हालचालही टिपणारा, सीटी स्कॅन करताना पोटावर एक हलकी डबी ठेवतात. तिच्यावरचे चकाकणारे ठिपके कॅमेरा टिपत राहतो आणि पडद्यावर श्वासाची लाट उमटते. एका श्वासाचे साधारण १० टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची वेगळी प्रतिमा बनते. त्या ओळीने चालवल्या की गाठ अक्षरशः ये-जा करताना दिसते. पुष्कळदा श्वास घेताना ती एका वाटेने जाते आणि सोडताना दुसऱ्या वाटेने परतते.

चाल कळली की एक मार्ग असा: श्वास ठरावीक टप्प्यात असेल तेवढ्यापुरतेच किरण सोडायचे. दुसरा मार्ग श्वासाऐवजी गाठीवरच नजर ठेवण्याचा. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात हिरोकी शिराटो आणि सहकाऱ्यांनी गाठीजवळ २ मिलिमीटरचा सोन्याचा मणी बसवला आणि एक्स-रेने सेकंदाला ३० वेळा त्याची जागा पाहिली. मणी ठरल्या जागी आला की किरण सुरू, हलला की बंद. सायबरनाइफ नावाच्या रेडिएशन यंत्रात तर किरण सोडणारा यंत्राचा हातच गाठीबरोबर फिरतो. मात्र गाठ दिसून हात हलेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातोच. म्हणून गाठ पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज संगणक आधीच बांधतो.

इथे एक गोष्ट फार जपावी लागते. पोट वर आलं म्हणजे गाठ अमुक जागी आहे, हे नातं दिवसभर तर सोडाच, एका बैठकीतही टिकेलच असं नाही. रुग्ण सैलावतो, श्वास उथळ होतो, गाठीची मूळ जागाच सरकते. त्यामुळे उपचार चालू असतानाही मधूनमधून एक्स-रे काढून पडताळा घेतात. त्यात दोन-चार मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या. ती वाया जात नाहीत.

डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर श्वासच मदतीला येतो. खोल श्वास घेऊन रोखला की बहुतेकींचं हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरतं. त्याचा सराव आधी करून घेतात.

तुमच्यापैकी कुणाची ही वेळ आली, तर खोकल्याची उबळ दाबून ठेवू नका. श्वासावर नजर ठेवून उपचार चालले असतील, तर लाट ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेल्याबरोबर किरण थांबतात. बाहेर आम्ही पडद्यासमोर बसलेलो असतो. तुमचा श्वास पुन्हा जागेवर आला की पुढे सुरू करतो.