पंपाआधी परतीचा पाइप पाहा

(हॉटेल, लॉज आणि दवाखान्यांच्या इमारती सांभाळणाऱ्या मंडळींसमोर बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्यापारी इमारतींतील सर्क्युलेटर पंपांची वार्षिक देखभाल’. त्यावर मी येणारच आहे. पण आधी एक म्हणणं मांडू द्या. ते पटलं नाही तर देखभालीचा तक्ता पंपरूमच्या दाराला चिकटून राहील आणि पंप जळायचे ते जळतच राहतील. म्हणणं असं, की गरम पाणी फिरवणारा पंप बिघडतो तेव्हा बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा पंपाबाहेर असतं. पाण्यात असतं, अडकलेल्या हवेत असतं, नाहीतर मुळातल्या निवडीत असतं. म्हणून पंपाला पाना लावण्याआधी परतीच्या पाइपाकडं, म्हणजे खोल्यांकडनं फिरून उरलेलं गरम पाणी टाकीकडं परत आणणाऱ्या पाइपाकडं, जा.

तुम्हाला हे चित्र माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरनं फोन येतो, गरम पाणी येईना. कुणीतरी गच्चीवर जातो, पंपाला हात लावतो. पंप गरम लागतो आणि गुणगुणतो. झालं, ‘पंप गेला’ असा निकाल लागतो. अहो, त्यातनं साठ अंशाचं पाणी वाहतंय, तो गरमच लागणार की! नवा पंप बसतो आणि सहा महिन्यांत पुन्हा तोच फोन.

आता निवडीचं बघा. दुकानात पंप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती मजले?’ पाच मजले म्हटलं की समोर अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच बॉडीत असलेला पंप, येतो. हा प्रश्नच इथं लागू नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतला आकाशपाळणा आठवा. वर जाणाऱ्या बाजूचं वजन खाली येणाऱ्या बाजूनं तोललेलं असतं, मोटरला फक्त घर्षण सोसायचं असतं. पाण्याचा फेरा तसाच. चढलेलं पाणी परतीच्या लाइनीतनं उतरतं, म्हणून इमारतीची उंची पंपाच्या हिशेबात धरायचीच नसते. गच्चीवरची टाकी भरायचा पंप वेगळा, त्याला मजले मोजावे लागतात. हे दोन पंप एकाच तागडीत टाकू नका.

हिशेब मांडू. जाण्या-येण्याची मिळून १२० मीटर लाइन आहे आणि तिच्यावर नीट इन्सुलेशन आहे असं धरा. मीटरमागं साधारण १० वॅट उष्णता जाते, म्हणजे एकूण १२०० वॅट. पाणी परत येताना ५ अंशांनीच उतरावं, यासाठी तासाला सुमारे २०६ लिटर फिरलं तरी भागतं. एवढ्या कामाला ४५ वॅटचा छोटा सर्क्युलेटर पुष्कळ झाला. तो २४ तास चालला तर दिवसाला एक युनिटाहून थोडी जास्त वीज खातो. अर्ध्या एचपीची मोटर साडेपाचशे वॅटच्या आसपास ओढते, म्हणजे १३ युनिट. ते पण रोज, आणि वर्षभर.

वीज जाते ती वेगळीच, त्याशिवाय मोठा पंप चार प्रकारे नुकसान करतो. जवळच्या खोल्यांची शाखा सगळं पाणी ओढून घेते आणि टोकाची खोली थंडच राहते. तिचीच तक्रार आल्यावर त्याहून मोठा पंप बसवलेला असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. परतीचा पाइप बारीक असतो, त्यात पाण्याचा वेग वाढून एल्बो आतनं झिजतात. तिथं सेकंदाला अर्धा ते पाऊण मीटरच्या वर वेग जाऊ नये. तिसरं नुकसान सोलरवाल्यांचं, आणि आपल्याकडं गच्ची-गच्चीवर सोलर आहे. टाकीत गरम पाणी वर आणि थंड खाली असे थर असतात. जोरकस फेरा ते थर ढवळून टाकतो आणि दिवसभर तापलेलं पाणी सकाळपर्यंत कोमट होऊन बसतं. चौथं, मोनोब्लॉकची बॉडी बिडाची. उद्यमबागेत बीड ओतणारे इथं बसलेत, त्यांना वाईट वाटू नये. बंद फेऱ्यात, जिथं तेच ते पाणी फिरतं, तिथं बीड उत्तम टिकतं. पण नळाला जाणाऱ्या गरम पाण्यात रोज नवं पाणी आणि नवा ऑक्सिजन येतो. तिथं ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टीलचीच बॉडी हवी, नाहीतर बादलीत तांबूस पाणी येणार.

आता परतीचा पाइप. जाताना ६० अंश आणि परत येताना ५० ते ५५ हे ठीक. पाइपाला टेकवायचा तापमापक घ्या, हातावर विसंबू नका. परतीचं पाणी ५० च्या खाली जाऊ देऊ नका, कारण २० ते ४५ अंशांत न्यूमोनियासारखा आजार करणारे लीजिओनेला जिवाणू वाढतात. दवाखानेवाल्यांनी तर हा आकडा रोज वहीत लिहावा. परतीची लाइन गरम आहे आणि एकाच खोलीत थंड येतंय, तर पंपाला हात लावायचं कारणच नाही. त्या शाखेचा बॅलन्सिंग व्हॉल्व, म्हणजे शाखेत किती पाणी जावं ते ठरवणारा व्हॉल्व, बघा आणि मग बाथरूममध्ये जा. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि हँडशॉवर टोकाला बंद, असं कुणी ठेवलं की जास्त दाबाचं थंड पाणी मिक्सरमधनं गरम लाइनीत शिरतं. एका खोलीतल्या अशा मिक्सरनं अख्खा मजला कोमट होतो. खोल्यांचे अँगल व्हॉल्व एकेक बंद करत गेलं की चोर सापडतो.

परतीची लाइनच थंड असेल तर मात्र फेरा थांबलाय. आधी गाळणी, मग एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व), मग सगळ्यात उंच जागेचा, हवा बाहेर सोडणारा एअर व्हेंट, आणि शेवटी पंप, या क्रमानं बघा. हवेचं इथं विशेष आहे. नळाला पाणी रोज येत नाही. वरची टाकी कोरडी झाली की गरम लाइनही रिकामी होते आणि पंप कोरडा फिरत राहतो. वेट-रोटर पंपात रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, पाण्यातच फिरतो, त्याचा शाफ्ट पेलणाऱ्या बुशांना पाणी हेच वंगण. कोरडा चालला तर बुश काही मिनिटांत जातात. म्हणून वरच्या टाकीतला फ्लोट स्विच पंपाच्या सर्किटमध्ये घ्या, टाकी रिकामी झाली की पंप बंद. याच कारणानं वेट-रोटर पंपाचा शाफ्ट कायम आडवा ठेवतात. उभा बसवला तर हवा वरच्या बुशाशी साठते. वायरिंगची पेटीही खालच्या बाजूला येऊ देऊ नका.

पंपात खडखड ऐकू आली की सगळे हवा म्हणतात. व्हेंटमधनं हवा काढूनही आवाज राहिला तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे दाब कमी पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं आणि फुटणं, समजा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं हवेचा दाब सुमारे साडेनऊ मीटर पाण्याइतका. ६० अंशाचं पाणी वाफ होऊ पाहतं त्याला त्यातले दोन मीटर जातात आणि ८० अंशाला पाच. उघड्या टाकीवरच्या पंपाला उरलेल्यातच भागवायचं असतं. म्हणून टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप आखूड आणि मोठ्या व्यासाचा ठेवा, आणि पंप टाकीच्या तळाखाली घ्या.

गुणगुणतो पण फिरत नाही, हा दुसरा नेहमीचा रोग. वीज बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व बंद करा, पंप निवू द्या. मधला स्क्रू फडकं धरून हळू सोडवा, आत दाबाखालचं गरम पाणी असतं. शाफ्टच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवा. जड जाऊन मग सुटला, तर क्षारांनी धरला होता. सहज फिरतोय, तर कपॅसिटर तपासा. आधी तो रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, मग मायक्रोफॅरॅड मोजा. लेबलपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदला. मायक्रोफॅरॅड तेवढेच ठेवा, व्होल्ट रेटिंग तेवढंच किंवा जास्त. इलेक्ट्रॉनिक पंपांत मात्र जबरदस्ती करू नका. त्यांच्या रोटरात चुंबक असतो, बिडाच्या लाइनीतला काळा गंज त्याला चिकटतो. तिथं चुंबकी गाळणीच उपयोगी.

क्षारांचं निघालंच आहे म्हणून पाण्याबद्दल. शहराला येणारं राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी एक, बोअरचं दुसरं. खानापूरकडच्या जांभ्यातलं पाणी तुलनेनं मऊ, तर चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या मातीत बोअर जड. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणली, तशा विहिरींचा उपसा शहरात पुन्हा सुरू झाला हे चांगलंच झालं, पण त्या पाण्याचीही हार्डनेस, म्हणजे क्षारांचं प्रमाण, तपासल्याशिवाय ते गरम लाइनीत सोडू नका. कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापेल तसं जास्त बाहेर पडतं आणि ६० च्या वर वेग धरतं. हीटर ७० वर लावून ठेवणारा माणूस इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकावर, चुन्याचा थर स्वतःच चढवत असतो. काढायचा तर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ५० अंशाचं पाणी, दोन ते चार तास भिजत ठेवा आणि मग भरपूर धुवा. बाथरूम साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेसला लावू नका, त्यानं खड्डे पडतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली आणि पत्रिकेवरचा विषय आत्ता सुरू होतोय. भरभर सांगतो, लिहून घ्या.

आठवड्याला: चालू आणि राखीव पंप अदलाबदल करा. राखीव पंप महिनोन्महिने उभा राहिला तर गरजेच्या दिवशी तोच अडकलेला असतो. अदलाबदल झाल्यावर थांबलेल्या पंपाचा शाफ्ट उलटा फिरत नाही ना ते बघा. फिरत असेल तर त्याचा एनआरव्ही गळतोय.

महिन्याला: गाळणी उघडून जाळी धुवा. दाबाचा फरक मोजा, त्याला दोन गेज नकोत. दोन कॉकना जोडलेलं एकच गेज घ्या, म्हणजे गेजची चूक दोन्ही वाचनांत सारखी राहते. ०.१ बार म्हणजे एक मीटर पाणी. डिलिव्हरी व्हॉल्व दहा सेकंद बंद करून दाब बघा. नेमप्लेटवरच्या जास्तीत जास्त हेडच्या, म्हणजे मीटरमधल्या दाबाच्या, जवळपास आला तर इम्पेलर शाबूत आहे. जास्त वेळ बंद ठेवू नका, आतलं पाणी उकळेल.

वर्षाला: वीज तोडून ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे विजेचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, मोटरचं इन्सुलेशन मोजा, एक मेगओहमच्या खाली नको. इलेक्ट्रॉनिक पंपावर मेगर लावू नका, ड्राइव्ह जाईल. बंद फेऱ्यातल्या एक्स्पान्शन टाकीचा हवेचा दाब पाण्याची बाजू रिकामी करून मोजा. १५ मीटर उंची असेल तर १.८ बारच्या आसपास. थंड पाण्याच्या चिलर लाइनीचे मोठे पंप मेकॅनिकल सीलचे (शाफ्टभोवती पाणी गळू न देणाऱ्या सीलचे) असतात, त्यांच्या मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगची ओळ डायल गेजनं ०.०५ मिलिमीटरच्या आत आणा. नवा सील बसवताना ईपीडीएम रबराला ग्रीस किंवा तेल लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी लावा. बेअरिंगला ग्रीस मोजूनच, ठासून भरलं तर बेअरिंग तापतं. स्पीड कमी करता येत असेल तर करा, ८० टक्के वेगाला वीज निम्म्यावर येते.

कपाटात एक सील किट, एक कपॅसिटर, गास्केटांचा संच आणि युनियनचे वॉशर ठेवा. आणि प्रत्येक व्हॉल्ववर पत्र्याचा बिल्ला बांधा, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत. रात्रपाळीला जो कोणी असेल त्याला पाणी कुठनं तोडायचं ते विचारत बसावं लागू नये.