कप्तान व्हिटफील्ड आणि मांजिरो

मंडळी, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डहून देवमाशांच्या शिकारीला निघालेलं जहाज तीन-तीन, चार-चार वर्षं घरी परतत नसे. तेवढा काळ जहाजावर कप्तान म्हणजेच सरकार. वाट तोच काढणार, भांडणाचा निवाडा तोच करणार, कुणाचा हात चिरडला तर औषधांची पेटीही तोच उघडणार. ठरलेला पगार कुणालाच नाही. आपल्या कोकणातल्या मच्छीमारांसारखी वाट्याची पद्धत होती. तेलाची पिंपं किती भरली, त्यावर प्रत्येकाची कमाई. कप्तानाचा वाटा साधारण पंधरावा, नवख्या खलाशाचा दीडशेवा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे शिकारीविना गेलेला प्रत्येक दिवस कप्तानाच्या खिशाला सगळ्यात जास्त लागायचा. हा हिशेब ध्यानात ठेवा, नाहीतर आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्या माणसाचं मोठेपण पुरतं कळणार नाही.

विल्यम व्हिटफील्ड हा न्यू बेडफर्डजवळच्या फेअरहेवन गावचा, 'जॉन हाउलंड' जहाजाचा कप्तान, वय 36. 27 जून 1841 रोजी जपानच्या दक्षिणेला तोरिशिमा या ओसाड बेटावर त्याने दोन होड्या धाडल्या, कासवं मिळतात का बघायला. होड्या परतल्या त्या पाच जपानी कोळ्यांना घेऊन. जानेवारीत त्यांची होडी वादळात भरकटली होती, आणि समुद्रपक्षी मारून खात ते सुमारे पाच महिने तगून राहिले होते. जहाजाच्या रोजनिशीत याची नोंद आहे: कासवांसाठी होड्या पाठवल्या, पाच दीनवाणी माणसं सापडली, ती भुकेली आहेत यापलीकडे त्यांचं काही समजलं नाही. एवढंच! मला ती नोंद फार मोलाची वाटते. आपण काही थोर केलं असा सूर तिच्यात कुठेही नाही.

त्यांना जपानला पोचवणं शक्य नव्हतं. परक्या जहाजांना तिथे मज्जाव होता, आणि परदेशातून परतणाऱ्या जपानी माणसाच्या जिवालाच धोका असे. व्हिटफील्डने त्यांना होनोलुलूला नेलं. चौघे तिथे उतरले. पाचवा मांजिरो, 14 वर्षांचा. त्याची हुशारी कप्तानाने जहाजावरच हेरली होती. सोबत्यांतल्या वडीलधाऱ्याची परवानगी घेऊन त्याने मुलाला आपल्याबरोबर ठेवलं.

मे 1843 मध्ये जहाज न्यू बेडफर्डला लागलं. त्याच वर्षी व्हिटफील्डने दुसरं लग्न केलं, शेत घेतलं आणि मांजिरोला शाळेत घातलं. पुढे नौकानयनही शिकवलं. रविवारी मुलाला तो चर्चमध्ये आपल्या शेजारी बसवायचा. तिथल्या मंडळींनी हरकत घेतली, याला काळ्यांच्या बाकांवर बसवा म्हणाले. व्हिटफील्डने ते चर्च सोडलं आणि मुलाला सामावून घेणाऱ्या युनिटेरियन पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागला. वादळात जहाज सांभाळणारे कप्तान पुष्कळ होते. पण वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलेल्या माणसाला गावातली पत किती हवीशी वाटत असेल! ती पणाला लावणं मला त्याहून अवघड वाटतं.

आणि 1844 च्या ऑक्टोबरात हा माणूस पुन्हा समुद्रावर. नवी बायको, शेत, मुलगा, सगळं मागे ठेवून. या धंद्यात जमिनीवरचं आयुष्य असं दोन सफरींच्या फटीत उरकावं लागे.

समुद्रावरचा एकांत सगळ्यांनाच झेपत नसे. 1846 मध्ये मांजिरो 'फ्रँकलिन' जहाजावर गेला. तिथला कप्तान आयरा डेव्हिस मनाने इतका बिघडला, की खलाशांना त्याला कोंडून शेवटी मनिलाला उतरवावं लागलं.

मांजिरो 1851 मध्ये जीव धोक्यात घालून जपानला परतला. चौकशीवर चौकशी झाली, पण दोनच वर्षांनी अमेरिकी आरमार दारात आलं आणि तिथल्या राज्यकर्त्यांना त्याच्या ज्ञानाची गरज पडली. 1870 मध्ये सरकारी कामाने युरोपला जाताना तो वाट वाकडी करून फेअरहेवनला गेला, म्हाताऱ्या कप्तानाला भेटला. पुढे 1918 मध्ये मांजिरोच्या डॉक्टर मुलाने फेअरहेवन गावाला सामुराई तलवार भेट दिली. ती सोपवायला जपानचे राजदूत स्वतः आले होते.