मोजणीतून सुटलेली माणसे आणि सांगली शहर

सभागृहात जमलेल्या सर्व सांगलीकर बंधुभगिनींनो,

जनगणना हे दिल्लीचे काम आहे आणि प्रगणक दारात येईल तेवढ्या दहा मिनिटांपुरताच आपला तिच्याशी संबंध, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो किती महाग पडतो, हे आज मला सांगायचे आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाख दोन हजारांच्या पुढे भरली. आपले नगरसेवक ७८ का, याचे उत्तर याच आकड्यात आहे. तीन ते सहा लाखांच्या शहराला कायद्याने किमान ६५ नगरसेवक मिळतात आणि तीन लाखांपुढच्या दर पंधरा हजारांमागे एक वाढतो. प्रभागांच्या सीमा आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागाही याच मोजणीवरून ठरतात. शिधापत्रिकेचेही तसेच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राच्या शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकांना धान्य देण्याचे ठरले, आणि हा टक्का २०११ च्या लोकसंख्येला लावला गेला. पुरवठा कार्यालयात गरजू बाईला ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या भरली, असे ऐकावे लागते, त्याचे मूळ तिथे आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे दहा वर्षांनी दुरुस्त व्हायचा हिशेब त्यानंतरही तसाच चालत राहिला.

आता चुकीचे प्रमाण पाहू. जनगणनेनंतर सरकार स्वतःच नमुना पाहणी करून आपली मोजणी तपासते. २०११ च्या तपासणीत देशभरात हजारी सुमारे २३ माणसे नोंदीतून सुटल्याचे आढळले. हेच प्रमाण पाच लाखांच्या शहराला लावले तर साडेअकरा हजार माणसे होतात. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे पाणीयोजना आखताना रोजचे साडेपंधरा लाख लिटर पाणी कागदावरूनच कमी होते. सुटलेला माणूस तहानलेला राहत नाही, तो शेजारच्या नळावर येतो, आणि मग साऱ्या गल्लीलाच दाब कमी मिळतो.

परंतु माझी खरी काळजी वेगळी आहे. ही तूट शहरभर सारखी पसरलेली नसते. विश्रामबागच्या बंगल्यातले कुटुंब सहसा सुटत नाही. सुटतो तो कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा परप्रांतीय कामगार, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल, भाड्याची खोली दर वर्षी बदलणारे जोडपे आणि घरातले तान्हे मूल, ज्याचे नाव सांगायचे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. ज्या वस्तीत माणसे जास्त सुटतात, तिथेच अंगणवाडी, दवाखाना आणि गटार यांची गरज सर्वांत मोठी असते. २०१९ च्या महापुरात बोटी आणि निवारा किती लागतील याचा अंदाज नदीकाठच्या वस्त्यांच्या लोकसंख्येवरूनच बांधायचा होता. तो आकडा कमी असेल, तर मदतही कमीच निघते, आणि त्यात कोणाची नियत वाईट असावी लागत नाही.

पुष्कळजण भीतीपोटी माणसे लपवतात. घरमालकाला वाटते, भाडेकरू सांगितले तर घरपट्टी वाढेल. त्यांना मी आवर्जून सांगतो की १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार आपण दिलेली माहिती कोणाला पाहता येत नाही, आणि जनगणनेशी संबंधित गुन्हे वगळता न्यायालयातही ती पुरावा म्हणून चालत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच टाळली पाहिजे. विटा-खानापूरकडची सोने-चांदी गाळणारी हजारो गलाई कुटुंबे व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. मुलगा वर्षभर परमुलखात राहत असेल, तर त्याची गणना तिथेच व्हायला हवी. आईने मायेपोटी त्याचे नाव इथे लिहिले, तर तो दोनदा मोजला जातो आणि आपला आकडा फुगून खोटा होतो. खरा आकडा हवा असेल, तर फुगलेला नाकारण्याची तयारीही ठेवावी लागेल.

फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची प्रत्यक्ष मोजणी व्हायची आहे, आणि १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण तिचा आधार असेल. तो उसाच्या हंगामाचा काळ असतो. त्या दिवसांत कारखान्याच्या तळावर पालांत राहणारी ऊसतोड कुटुंबे कोणत्या गणना गटात, म्हणजे एका प्रगणकाला नेमून दिलेल्या भागात, येतात, हे प्रगणकाला आधी माहीत असले पाहिजे, आणि ते मुकादमांना विचारूनच कळेल. शामरावनगरसारख्या गुंठेवारी भागात, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून वसलेल्या वस्तीत, घरांना सलग क्रमांक नाहीत, बोळ नकाशावर नाहीत, एका गुंठ्यावर दोन-तीन चुली असतात. प्रगणक हा बहुधा आपल्याच शाळेतला शिक्षक किंवा शिक्षिका असते. तिने तिथे अंदाजाने फिरू नये. म्हणून महापालिकेने घरपट्टीच्या नोंदी, नळजोडण्या आणि वीजमीटर यांच्या आधारे गुंठेवारीचे बोळवार नकाशे मोजणीआधीच प्रगणकांच्या हाती द्यावेत, आणि बोळ ओळखणारी वस्तीतली एक बाई त्यांच्यासोबत फिरवावी, अशी माझी मागणी आहे.