तांबेऱ्याच्या दोन जाती

या चित्रणात शेजारी शेजारी दिसणाऱ्या गव्हाच्या दोन रोपांवर तांबेराच पडला आहे, परंतु तो एकाच बुरशीचा नाही. डावीकडे पक्सिनिया ग्रॅमिनिस, म्हणजे खोडावरचा काळा तांबेरा. उजवीकडे पक्सिनिया ट्रिटिसिना, म्हणजे पानावरचा नारिंगी तांबेरा.

काळ्या तांबेऱ्याचे फोड लांबट आणि विटकरी असून ते खोडावर तसेच पानाच्या दोन्ही बाजूंना येतात. फोड फुटताना वरची त्वचा फाटते आणि तिच्या चिंध्या कडेने उभ्या राहतात. नारिंगी तांबेऱ्याचे फोड लहान, गोलसर आणि बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला विखुरलेले असतात; त्यांच्या कडेला अशा चिंध्या दिसत नाहीत. पीक काळे पडण्याआधी एवढे निरखून पाहिले, तरी बहुतेक वेळा ओळख पटते.

सूक्ष्मदर्शकाखाली ती पक्की होते. ग्रॅमिनिसचा बीजाणू लंबगोल असून त्याच्या मध्यावर, कमरपट्ट्यावरच्या टिकल्यांसारखी, साधारणपणे चार अंकुररंध्रे, म्हणजे रुजताना नळी बाहेर पडण्याची छिद्रे, असतात. ट्रिटिसिनाचा बीजाणू जवळजवळ गोल असतो आणि त्याची रंध्रे सर्वत्र विखुरलेली असतात. पान ओले असेल तर दोन्ही रुजतात, त्यांची नळी पर्णरंध्रापर्यंत पोहोचते आणि तेथे फुगते. मात्र ट्रिटिसिना अंधारातही आत शिरते, तर ग्रॅमिनिसला आत शिरण्यासाठी उजेड लागतो. या साऱ्या चित्रणातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे.

बार्बेरी या झुडपाच्या पानाखालचे हे पेल्यासारखे नारिंगी फोड ग्रॅमिनिसचेच आहेत. तिची लैंगिक अवस्था या झुडपावर पूर्ण होते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी 1865 मध्ये प्रयोगाने दाखवले. शेतकऱ्यांचा बार्बेरीवरचा संशय मात्र त्याहून फार जुना होता, इतका की अमेरिकेतील कनेटिकट वसाहतीने 1726 मध्येच ही झुडपे तोडण्याचा कायदा केला होता. ट्रिटिसिनाला बार्बेरी चालत नाही. तिला थॅलिक्ट्रम ही दुसरी वनस्पती लागते.

राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन्ही बुरशींना रोखणारी वेगवेगळी जनुके आली. नारिंगी तांबेऱ्याने त्यांपैकी स्वतःला रोखणारे जनुक लवकरच निष्प्रभ केले; काळ्या तांबेऱ्याविरुद्धचे एसआर 31 हे जनुक मात्र युगांडातील यूजी 99 हा त्या बुरशीचा प्रकार 1999 मध्ये नोंदवला जाईपर्यंत टिकले. त्यानंतर हा प्रकार इतर देशांतही पसरला. म्हणून गव्हाच्या वाणाची शिफारस करताना ‘तांबेरा प्रतिकारक’ एवढेच न लिहिता, कोणत्या तांबेऱ्याला, हेही लिहिले गेले पाहिजे.